अकरा नियमांची कुस्ती

कुस्तीच्या पंचाला आखाड्यात सगळ्यात जास्त काय बघावं लागतं, असं कोणी विचारलं तर मी सांगतो, बोटं. लोक पैलवानाची छाती बघतात, मांड्या बघतात. पंच बघतो बोटं. कारण लबाडी बहुतेक वेळा बोटांत असते. समोरच्याची करंगळी एकटी धरून मागे मुरगळली की भला मोठा गडी पकड सोडतो आणि लोकांना वाटतं, काय ताकदीनं सुटला! म्हणून नियम असा की बोटं धरायची तर चारही एकत्र धरायची, एकटं बोट धरायचं नाही. हा नियम पुस्तकात आहे, पण पुस्तक वाचून कोणी पैलवान होत नाही. तो नियम पंचाच्या नजरेतून शिकवावा लागतो.

मी पेशानं शारीरिक शिक्षणाचा शिक्षक. गाव लोणी भापकर, नोकरी इंदापूर तालुक्यातल्या एका हायस्कुलात. तरुणपणी बरा लढायचो. पुढे खांदा निखळला तेव्हा पंचाची परीक्षा दिली आणि बावीस वर्षं शिट्टी वाजवली. हिवाळा सरला की गावोगावच्या यात्रा सुरू होत आणि यात्रा म्हटली की कुस्त्यांचा फड आलाच. आमच्या घरानं छप्पन सालानंतर बौद्ध धर्म घेतला, त्यामुळे पालखीला मी खांदा देत नसे आणि मला कोणी सांगतही नसे. फेटा मात्र बांधून घ्यायचो, कारण तो देवाचा नव्हे, पंचाचा मान. निकाल आवडला नाही की गर्दीतून "पंच बदला" अशी हाक यायची. कधी कधी त्या हाकेला माझं आडनावही जोडलं जायचं, साळवे, जरा लांबवून. ऐकू येत नसल्यासारखं करायला मी पहिल्या दोन-तीन वर्षांतच शिकलो.

माणसं एकेक भेटली. एका पैलवानानं खांद्याला मिरचीचं तेल चोळून आणलं होतं. समोरच्याचे डोळे लाल व्हायला लागले तेव्हा मी त्याच्या खांद्यावर बोट फिरवून जिभेला लावलं आणि त्याला तिथूनच घरी पाठवला. माझी जीभ दुसऱ्या दिवसापर्यंत भाजत होती. दुसरा एक जण चावायचा. वळ दाखवले तर म्हणायचा, "सर, त्यो घामोळ्याचा डाग हाय." घामोळ्याला दात नसतात, एवढंच मी त्याला सांगितलं. अशी माणसं सगळ्याच धंद्यांत असतात. त्यांच्याविषयी मला फार लिहायचं नाही. लिहायचंय ते एकाच लढतीविषयी, जिच्यात कोणीही लबाडी केली नाही.

नव्वदच्या दशकाचा मध्य असेल. सणसरच्या अलीकडचं एक गाव. नाव लिहीत नाही, माणसं अजून आहेत. गावात केबल नुकतीच आली होती आणि त्याच सुमारास मुंबईला कामाला असलेल्या कोणीतरी एक व्हिडिओ कॅसेट आणली होती. तिच्यात परदेशातले गडी जाळीच्या पिंजऱ्यात लढत होते. कोणी कुस्तीवाला, कोणी कराटेवाला, कोणी बॉक्सर. ठोसे, लाथा, पकडी, सगळं एकत्र. चहाच्या टपरीवर वाद सुरू झाला, आपला पैलवान आणि कराटेवाला लढले तर कोण जिंकेल? वाद वाढत गेला आणि अखेर यात्रा कमिटीपर्यंत पोचला.

कमिटीचे अध्यक्ष तात्या. साठीचे, पांढरी टोपी, ऊस बागायतदार, स्वभावानं उत्साही. ते मोटारसायकलवर मागे बसून माझ्या शाळेत आले.

"सर, औंदा शेवटची कुस्ती येगळी लावतोय," ते म्हणाले. "आपला हणमंत पैलवान आन बारामतीचा त्यो कराटेवाला शिंदे. पंच तुमी."

"नियम कोणते?"

"नियम कसलं? त्या क्यासेटमंदी कुठं नियम हाय? सोडायचं दोघास्नी. पडंल त्यो पडंल."

मी ती कॅसेट मागवून घेतली आणि हेडमास्तरांच्या घरी बसून दोनदा बघितली. सुरुवातीला इंग्रजीत एक माणूस बोलतो. ते नीट ऐकलं तर कळलं की नियम नाहीत म्हणणाऱ्यांचेही दोन नियम होते: चावायचं नाही आणि डोळ्यात बोट घालायचं नाही. म्हणजे नियम नको असलेल्या माणसालाही स्वतःचे डोळे हवे असतात. मी तात्यांना निरोप पाठवला की मी पंच होणार नाही.

दोन दिवसांनी कळलं की माझ्याऐवजी गावातल्याच एका हौशी माणसाला विचारलंय. हा माणूस बैलगाडा शर्यतीत झेंडा दाखवायचा. मी परत निरोप पाठवला, येतो. पण नियम मी लिहिणार आणि दोघेही त्याच्यावर सह्या करणार. आज वाटतं, त्या झेंडेवाल्यालाच करू द्यायला हवं होतं का? तसं केलं असतं तर कदाचित काहीच झालं नसतं, किंवा एखादा मेला असता. हे कधी ठरवता आलं नाही.

नियम ठरवायला रविवारी दुपारी शाळेच्या व्हरांड्यात बसलो. मी, तात्या, ते दोघे, आणि प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरबाई. बाईंना मीच बोलावलं होतं.

हणमंत पैलवान तेव्हा एकतीस-बत्तीस वर्षांचा. सणसरकडचा शेतकऱ्याचा मुलगा, उंचापुरा, कमी बोलणारा. ऐन उमेदीत चांगली मैदानं मारली होती. मग उजवा गुडघा गेला. ते तो कोणाला सांगत नसे, पण जिना उतरताना कठडा धरायचा. प्रकाश शिंदे त्याच्याहून पाच-सहा वर्षांनी लहान. बारामतीत वायरिंगची कामं करायचा आणि संध्याकाळी एका शाळेच्या हॉलमध्ये कराटेचा क्लास घ्यायचा. काळा पट्टा मुंबईला जाऊन मिळवलेला. मुलं त्याला 'सेन्सेई' म्हणत, जपानीत त्याचा अर्थ गुरुजी म्हणे. गावातली माणसं त्याचं 'शेणसर' करत. तो हसून सोडून द्यायचा. सरळ मुलगा होता. व्हरांड्यात आल्यावर आधी हणमंतच्या पाया पडला.

पहिले नियम झटपट झाले. डोळ्यात बोट किंवा माती नाही. चावणं, केस ओढणं नाही. लंगोटावर मार नाही. एकटं बोट मुरगळायचं नाही. गळ्यापाशी आलो तेव्हा मी बाईंना विचारलं, गळा आवळला तर काय होतं?

"मानेच्या दोन्ही बाजूच्या शिरा दाबल्या तर आठ-दहा सेकंदांत माणूस बेशुद्ध होतो," बाई म्हणाल्या. "त्याच्यापुढे दाबत राहिलात तर मला बोलावू नका, दुसऱ्या कोणाला तरी बोलवा."

मी लिहिलं: नुसता गळा धरायचा नाही, गळ्याबरोबर समोरच्याचा एक हात आत हवा. मॅटवरच्या कुस्तीतला हा जुना नियम. हात आत असला की शिरांना जागा राहते. पुढे मी सहज लिहिल्यासारखं लिहिलं, गुडघ्यावर लाथ मारायची नाही. हणमंतनं माझ्याकडे एकदा बघितलं आणि पुन्हा जमिनीकडे बघू लागला.

डोक्यावर मुठीनं मारायचं नाही, हे शिंदेनं मान्य केलं. लाथेवर मात्र अडला.

"सर, डोक्यापर्यंत पाय नेता येणं हीच आमची विद्या. तीच काढून घेतलीत तर मी यायचंच कशाला?"

"मारू द्या की," हणमंत म्हणाला. "पाय वर आला की मला धरायला बरा."

तात्या खूश झाले. मी तडजोड काढली. पायाला फोम भरलेले कापडी पॅड बांधायचे आणि मगच डोक्यावर लाथ. डॉक्टरबाई उठल्या.

"तुम्हाला लिहायचं ते लिहा. लढतीच्या वेळी मी हजर राहीन. पण या कागदावर माझी सही घेऊ नका."

मी त्यांची सही घेतली नाही आणि नियमही बदलला नाही. पॅड जाड होते. मी स्वतःच्या तळहातावर मारून बघितले होते.

नववा नियम सगळ्यात जास्त वेळ चालला. शिंदे म्हणाला, आमच्यात खांदे टेकले म्हणजे हार असं काही नसतं. खाली पडलेला माणूस उठून लढतो.

हणमंतला ते कळेना. "खांदं टेकलं तरी हरला न्हाय? मग जितायचं कसं?"

मी समजावलं. हार मानायची असेल तर दोनदा थाप मारायची, जमिनीवर किंवा समोरच्याच्या अंगावर. नाहीतर तिसऱ्या फाऊलला हार. नाहीतर डॉक्टरबाई थांबवतील. यातलं काहीच झालं नाही तर पाच-पाच मिनिटांच्या दोन डावांनंतर बरोबरी.

"थाप तर आमी मारत न्हाय," हणमंत म्हणाला. "पर ठीक हाय. लिवा."

तर नववा नियम: खांदे टेकले तरी लढत चालू. दहावा थापेचा. शिवाय खाली पडलेल्याला मारायचं नाही, फक्त धरायचं, हेही नवव्यातच जोडलं. अकरावा मी कोणाला न विचारता लिहिला आणि त्याच्याखाली रेघ ओढली: शिट्टी वाजेपर्यंत लढत चालू, शिट्टी वाजताच बंद. या नियमाविषयी मला सगळ्यात जास्त खात्री होती. दोघांनी सह्या केल्या. हणमंतनं सही करायच्या आधी कागद पूर्ण वाचला, ओठ हलवत. हे मुद्दाम सांगतो, कारण नंतर लोक म्हणाले, पैलवान अडाणी, त्याला फसवलं. तो अडाणी नव्हता आणि त्याला कोणी फसवलं नाही.

यात्रेच्या दिवशी दुपारी तीनपासून कुस्त्या सुरू झाल्या. आधी पोरांच्या, मग मोठ्यांच्या. माणसं बांधावर, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांवर, बाभळीवर. शेवटच्या लढतीच्या वेळी उन्हं कलली होती. हलगी घुमायला लागली. हणमंत लंगोट लावून मातीत उतरला, शिंदे पांढरी विजार घालून, उघड्या अंगानं. हणमंतनं शड्डू ठोकला, शिंदेनं कमरेत वाकून नमस्कार केला. हणमंतचे वस्ताद आबा पहिल्या रांगेत घोंगडीवर बसले होते. डॉक्टरबाई त्यांच्याशेजारी खुर्चीवर, पेटी पायाशी.

पहिली पाच मिनिटं शिंदेची होती. तो जवळ येईचना. बाहेरून मांडीवर लाथ मारायचा आणि मागे सरायचा. हणमंत दोन्ही हात पुढे करून त्याला कोपऱ्यात घ्यायला बघायचा, पण गोल आखाड्याला कोपरा कुठला? एक लाथ नेम चुकून गुडघ्यावर बसली. मी शिट्टी वाजवली, शिंदेला पहिला फाऊल दिला. गर्दी खूश. मग हणमंतच्या हातात त्याचं मनगट आलं आणि ते निसटताना एकच बोट हातात राहिलं. मला ते दिसलं. मी शिट्टी वाजवली, हणमंतला फाऊल दिला. गर्दीतून माझं आडनाव आलं, लांबवलेलं. हणमंतनं मात्र माझ्याकडे बघून हलकेच मान हलवली, म्हणजे कबूल. पंचाला एवढ्यावर पुढची पाच वर्षं काढता येतात.

दुसऱ्या डावात तिसरं मिनिट चालू असेल. शिंदेनं डोक्यावर लाथ मारायला पाय उचलला आणि हणमंतनं तो काखेत धरला. व्हरांड्यात म्हणाला होता तसाच. धरला, दुसऱ्या पायात पाय घातला आणि शिंदे उताणा मातीवर. हणमंत छातीवर. सगळं दोन श्वासांत झालं.

आता पंच काय करतो ते सांगायला हवं. खांदे टेकले की नाही हे उभं राहून दिसत नाही. पंच पोटावर आडवा होतो, गाल मातीला लावतो आणि खांद्याखालून पलीकडचा उजेड दिसतोय का बघतो. उजेड दिसला तर कुस्ती बाकी आहे. दिसला नाही तर हात जमिनीवर आपटायचा आणि वर करायचा: चितपट. मातीतल्या कुस्तीत शिट्टी तोंडात असली तरी निकाल हातानं देतात. बावीस वर्षांत मी हे किती वेळा केलं असेल, मोजलेलं नाही.

मी आडवा झालो. उजेड नव्हता. माझा हात मातीवर आपटला आणि वर गेला.

तो मी वर केला असं म्हणणं खरं नाही. तो गेला. हलगीवाल्यानं हात बघितला आणि हलगी कडाडली. फेटे उडाले. हणमंतनं पकड सोडली, उठला, शिंदेकडे पाठ करून आबांच्या दिशेनं वळला आणि मातीला हात लावून कपाळाला लावायला वाकला.

शिट्टी वाजली नव्हती.

शिंदे उठला. त्याच्या डोक्यात काय होतं ते त्यानं मला नंतर सांगितलं. पाठ टेकल्यापासून तो फक्त शिट्टीकडे कान लावून होता. माझा हात त्यानं बघितलाच नाही, तो उताणा होता आणि छातीवर पैलवान. शिट्टी वाजली नाही, वजन गेलं, म्हणजे पैलवानानं चूक केली, म्हणजे संधी. त्याला पाच वर्षं हेच शिकवलं होतं. हणमंत वाकून सरळ होत होता तेवढ्यात लाथ आली. पॅडसकट, डाव्या कानावर.

मी शिट्टी वाजवली तेव्हा हणमंत गुडघ्यावर होता.

त्यानंतर जे झालं ते झपाट्यानं झालं. माणसं बांधावरून खाली उतरली. शिंदे जागचा हलला नाही. मी त्याचं मनगट धरलं.

"सर, शिट्टी वाजली नव्हती ना?"

"नव्हती."

"माझं चुकलं का?"

"नियमानं नाही."

"मग कशानं?" त्यानं विचारलं.

डॉक्टरबाई हणमंतपाशी बसल्या होत्या. त्याच्या कानातून रक्ताची बारीक धार मानेवर आली होती. बाईंनी कानाशी चुटकी वाजवली, त्यानं डोकं वळवलं नाही. "पडदा गेलाय बहुतेक," त्या म्हणाल्या. "बारामतीला न्या. आत्ता." माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही. त्याबद्दल मी त्यांचा आभारी आहे.

तात्या माइक घेऊन माझ्यापाशी आले. माइकवर पंजा दाबून धरलेला. चेहरा उतरला होता.

"सर, फाऊल म्हणा. पाठीमागनं मारलं म्हणा. पैलवान जितला म्हणलं की समदी गार व्हत्यात."

"फाऊल नव्हता, तात्या."

"मला कळतंय वो! पर आत्ता तसं म्हणा. ह्या पोराला हितनं जित्ता न्यायचाय का न्हाय?"

तात्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. फाऊल म्हटलं असतं तर पैलवान जिंकला असता, हलगी वाजली असती आणि शिंदेला शिव्यांवर सोडून दिलं असतं. माझ्या हाताकडेही कोणाचं लक्ष गेलं नसतं. एका शब्दात सगळ्यांची सुटका होती. फक्त शिंदे जन्मभर पाठीमागून मारणारा ठरला असता. आणि त्या घडीला आखाड्यात ज्यानं नियम मोडला होता तो एकच माणूस होता, मी.

मी माइक घेतला. शब्द जसेच्या तसे आठवत नाहीत. साधारण असं बोललो: "नियमांच्या कागदावर दोघांच्या सह्या आहेत. खांदे टेकले तरी लढत चालू, आणि शिट्टी वाजेपर्यंत लढत चालू, असं त्यात लिहिलंय. ते मी लिहिलंय. शिट्टी वाजली नव्हती. तरी मी सवयीनं हात वर केला. पैलवानानं माझा हात बघून सोडलं. शिंदेनं माझी शिट्टी ऐकू आली नाही म्हणून मारलं. दोघंही बरोबर आहेत. चूक पंचाची आहे. लढत रद्द."

मग मातीचं एक ढेकूळ आलं आणि माझ्या छातीवर फुटलं. दुसरं फेट्याला लागलं. तिसरं येण्याआधी आबा घोंगडीवरून उठले. सत्तरीचे होते, उठायला वेळ लागला, आणि त्या वेळात लोक थांबले.

"पंचानं कबूल केलंय," आबा म्हणाले. माइकशिवाय. "माझा पठ्ठ्या दवाखान्यात निघालाय. ज्याला मारामारी करायची त्यानं आदी माझ्याशी करायची."

कोणी पुढे आलं नाही. शिंदेला तात्यांनी स्वतःच्या जीपमधून बारामतीला सोडलं. त्याच जीपमध्ये मागे हणमंत आडवा होता, कानाला बोळा लावून. वाटेत दोघांत काय बोलणं झालं असं मी पुढे शिंदेला विचारलं. तो म्हणाला, हणमंतनं एकच विचारलं, तुझा पाय दुखावला का, मी जोरात धरला हुता.

कानाचा पडदा भरून आला, पण ऐकणं परत आलं नाही. डाव्या कानानं हणमंतला नीट ऐकू येत नाही ते आजतागायत. शिंदे त्याच्या घरी तीन-चारदा जाऊन आला. हणमंतच्या आईनं त्याला चहा दिला आणि तुझ्या घरी कोण कोण असतं असं विचारलं. ते त्याला शिव्यांपेक्षा जड गेलं. वर्षभरात त्यानं क्लास बंद केला. मुलं कमी झाली नव्हती. पण डोक्यावरची लाथ शिकवताना त्याचा पाय वर जाईना, असं तो सांगायचा. पुढे वायरिंगचा धंदा त्यानं चांगला वाढवला.

मी पंचांच्या संघटनेला सविस्तर पत्र लिहिलं. झाला प्रकार कळवला, मला निलंबित करावं असंही सुचवलं. दीड महिन्यानं उत्तर आलं की सदर लढत संघटनेच्या नियमांत बसत नसल्यानं त्याबाबत कोणतीही कारवाई करता येत नाही. म्हणजे मी चूक केली होती, पण ती कोणाच्या पुस्तकात नव्हती. मग मी स्वतःच थांबलो. पुढच्या हंगामात कोणत्याही फडावर गेलो नाही. बोलावणी आली, तब्येतीचं कारण सांगितलं. हणमंतकडे मात्र मी एकदाही गेलो नाही. शिंदे गेला, आबा गेले, तात्या गेले. मी त्याच्या गावालगतच्या भवानीनगरवरून जाताना एसटीत पलीकडची खिडकी धरून बसायचो, तो दिसू नये म्हणून. या लेखात काही लाज वाटण्यासारखं असेल तर ते हे आहे. हाताचं नव्हे.

पावणेदोन वर्षांनी तो मलाच भेटला. भवानीनगरच्या स्टँडवर सकाळी बारामतीच्या गाडीची वाट बघत मी बाकावर बसलो होतो. कारखान्याचा हंगाम चालू होता, उसाच्या बैलगाड्यांची रांग रस्त्यापर्यंत आलेली. रांगेच्या पलीकडून हणमंत आला, हातात पिशवी. मला बघून थांबला. मग सरळ येऊन शेजारी बसला. मी त्याच्या डाव्या बाजूला होतो.

"बरं हाय का, सर?"

"बरं आहे. तुझं?"

त्यानं उत्तर दिलं नाही. माझ्या ध्यानात आलं नाही, वाटलं, बोलायचं नसेल. मग मी जे पावणेदोन वर्षं पाठ करत होतो ते बोलायला सुरुवात केली. माझी चूक झाली, माझ्यामुळं तुझा कान गेला, मी यायला हवं होतं. तो समोरच बघत होता. मधेच त्यानं मान वळवली आणि माझे ओठ हलताना बघितले.

"त्या बाजूनं ऐकू येत न्हाय मला," तो म्हणाला. "आन तुमी काय म्हणताय ते ठावं हाय. आबांनी सांगितलंय समदं. त्ये ऱ्हाऊ द्या. मला एकच इचारायचं हुतं. कवापास्नं इचारीन म्हणतोय."

"विचार."

"माझा डोळा तुमच्या हातावर हुता. त्याच्या खांद्यावर नव्हता. हात वर गेला म्हणून मी सोडलं. पर खांदं टेकलं हुतं का? दोन्ही?"

त्याला कानाविषयी विचारायचं नव्हतं. शिंदेविषयी, कागदाविषयी, शिट्टीविषयीही नाही. दोन डाव मांडीवर लाथा खाऊन त्यानं जी पकड केली ती खरी होती की पंचाच्या सवयीनं खरी झाली, एवढंच त्याला हवं होतं. पावणेदोन वर्षं तो ते मनात घेऊन हिंडत होता, आणि त्याचं उत्तर जगात एकाच माणसापाशी होतं. आणि तो माणूस एसटीत पलीकडची खिडकी धरून बसत होता.

"टेकले होते," मी म्हणालो.

तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला. उसाच्या गाडीच्या बैलांची घुंगरं वाजत होती, त्याला कळलं नव्हतं.

मी उठलो. बाकाला वळसा घालून त्याच्या उजव्या बाजूला गेलो, बसलो आणि कानाजवळ तोंड नेऊन सावकाश सांगितलं, "दोन्ही टेकले होते, हणमंत. मी गाल मातीला लावून बघितलं. खालून उजेड नव्हता."

त्यानं मान हलवली. फाऊल कबूल करताना हलवली होती त्यापेक्षा जरा जास्त.

"मग झालं," तो म्हणाला. पिशवी उचलली आणि इंदापूरच्या गाडीकडे चालू लागला.